घडीची स्कूटर आणि ईशाची अजान

सोमवार, १४ जानेवारी २००८

नुजहत आज आठ वाजून सात मिनिटांनी घरात आली. ईशाची अजान पावणेआठला झाली. मधली बावीस मिनिटं आमच्या घराण्याची अब्रू भोरच्या रस्त्यावर उघडी पडली होती, असं मिस्त्रींचं म्हणणं.

मिस्त्री म्हणजे आमचे मालक, मन्सूर मिस्त्री. स्कूटर-मोटारसायकलचं गॅरेज. भोरातल्या निम्म्या गाड्या त्यांच्या हाताखालून गेल्यात आणि उरलेल्या निम्म्या आमच्या अंगणात पडल्यात. शिवाय मोहल्ल्याच्या मशिदीत ईशाची, म्हणजे रात्रीच्या नमाजची, अजान तेच देतात. बाकी चार वेळा इमामसाहेब, ईशाला मिस्त्री. एकोणीस वर्षं. पगार नाही, खाडा नाही. वीजबिल भरण्यापासून दाढी करण्यापर्यंत सगळं उशिरा करणारा माणूस हे एकच काम घड्याळाच्या काट्यावर करतो. अल्लाहनं तेवढी बुद्धी दिली, शुक्र आहे.

नुजहत आमची एकुलती मुलगी. लॅबचा कोर्स झाला आणि पहिल्या तारखेपासून पुण्यात कोथरूडला एका लॅबमध्ये लागली. दिवसभर परक्यांची साखर मोजते. बापाची मोजायची म्हटलं तर बाप बोट देत नाही. पहिले दोन आठवडे शिकाऊ म्हणून चारला सुटायची. आजपासून पाचला.

जेवताना मिस्त्री भाकरीशी बोलल्यासारखे बोलले, "अजान मी देतो. लोक काय म्हणतील? हा गावाला नमाजला हाका मारतो आन् सोताची पोरगी अजून रस्त्यावर. बांग देणाऱ्याच्या घरची पोरगी बांगेच्या आत घरात पायजे. म्हैनाअखेरपत्तुर बघतो. न्हाई जमलं तर नोकरी बंद."

नुजहत रडली नाही. रडली असती तर बरं होतं. तिनं ताट धुतलं, पुसलं आणि पुन्हा धुतलं.

मॅट्रिकला मला त्रेसष्ट टक्के होते. टेलिफोन खात्यातून मुलाखतीचं बोलावणंही आलं होतं. माझ्या अब्बांनी तो कागद स्वयंपाकघरातल्या फळीवर अंथरला आणि वर मिठाची बरणी ठेवली. कागद जाड होता, फळी पुष्कळ वर्षं कोरडी राहिली. सरकारी कागदाचा उपयोग झाला नाही असं कुणी म्हणू नये.

बुधवार, १६ जानेवारी

आज वेळापत्रक मांडून बघितलं. नुजहत पाचला सुटते. सिटी बसची वाट बघून, ती बदलून, स्वारगेटला पोचायला तासाच्या वर. तोवर साडेपाचची भोर गाडी गेलेली. पुढची सव्वासहाची, ती आठला भोरात. साडेपाचची मिळाली तर सव्वासातला भोर, साडेसातच्या आत घर. म्हणजे आमच्या खानदानाची इज्जत अडलीय कुठं, तर कोथरूड ते स्वारगेट या सहा-सात किलोमीटरांत.

रोज रिक्षा केली तर पगार रिक्षावाल्याच्या मुलीच्या लग्नाला उपयोगी पडेल.

मिस्त्रींनी उपाय सुचवला. "माझी जुनी मोपेड घे की. स्वारगेटला लावून येत जा."

नुजहत म्हणाली, "अब्बा, रात्रभर तिथं बाहेर लावल्यावर सकाळी काय सापडंल?"

"नशीब आसलं तर आरसा," मिस्त्री म्हणाले. वर हसले. एवढ्या उमद्या स्वभावाचा बाप असल्यावर मुलीला काळजी कसली.

संध्याकाळी माझ्या बहिणीचा मतीन आला. तो पुण्यात मोबाईलच्या दुकानात आहे, त्यामुळे त्याला सगळं माहीत असतं. म्हणाला, "खाला, बॅटरीची स्कूटर घ्या. घडीची. लायसन नको, पासिंग नको, पेट्रोल नको. स्वारगेटला घडी घातली की एसटीत. लॅबमध्ये फुकट चार्जिंग."

मिस्त्री म्हणाले, "घडी सतरंजीची घालत्यात."

"खालूजान, आता जमाना—"

"आवाज करती का?"

"नाही. तीच तर खुबी."

"आवाज न्हाई ती गाडी कसली? मागनं येतीया हे कुत्र्याला तरी कळाय पायजे."

मतीन चार रंगीत कागद ठेवून गेला. मी ते इस्त्री करून कपाटात ठेवले. फ्रिजसाठी भिशीतून जमवलेले पैसे आहेत. भोरात वीज दिवसाचे नऊ तास जाते. तशा फ्रिजमध्ये दूध ठेवण्यापेक्षा शेजारच्या चंद्राबाईकडचं ताजं घ्यावं. झाला निर्णय.

शनिवार, २६ जानेवारी

झेंडावंदनाची सुट्टी आणि दुकानात त्या निमित्तानं सूट, असा योग साधून पुण्याला गेलो. मिस्त्रींना 'असली खेळणी बघायला' यायचं नव्हतं. पण नेमकं आजच त्यांना पुण्यात कसलासा स्पेअर पार्ट बघायचा होता. तो दिवसभरात बघितला नाही हे लिहून ठेवते.

दुकानातल्या टायवाल्यानं माझा बुरखा बघितला आणि लगेच हिंदी सुरू केलं. "आइये आंटीजी, क्या दिखाऊँ?" पुण्यातल्या माणसांना बुरखा दिसला की मराठी विसरायला होतं. मी म्हटलं, "दादा, मराठीतच सांगा. आम्ही भोरच्या. वजन किती, चढ चढते का, आणि घडी किती वेळात होते, एवढंच विचारायचंय."

तीन प्रकार दाखवले. पहिली उभं राहून चालवायची. दवाखान्यात सलाईन लावायचा खांब असतो, त्याला खाली दोन चाकं. मी विचारलं, "सीट?"

"मॅडम, ही युथसाठी आहे."

"तरुण माणसं बसत नाहीत का?"

दुसरी म्हणजे घडीची सायकल, तिलाच मोटार. संपली चार्जिंग की पायडल मारा. मला ती पसंत होती, पण किंमत ऐकून मी पिशवी छातीशी धरली. एवढ्यात दोन फ्रिज आले असते आणि वर बर्फही.

तिसरी लाल. छोटी सीट, पाय ठेवायला फळी, मानेतून मोडते आणि आडवी होते. एका चार्जिंगला तीस किलोमीटर. वजन बावीस किलो. टायवाल्यानं एका हातानं उचलून दाखवली, तेव्हा त्याच्या मानेची शीर नुजहतच्या करंगळीएवढी झाली. पण हसू मात्र हललं नाही. धंद्याची माणसं.

मी त्याला दहा वेळा घडी घालायला आणि उघडायला लावली. सहाव्या वेळेला तो म्हणाला, "मॅडम, तीच क्रिया आहे."

"एसटी थांबत नाही दादा. घडी अडकली तर तुम्ही येणार का स्वारगेटला?"

मिस्त्री बाहेर फूटपाथवर उभे होते, दुकानाशी संबंध नसल्यासारखे. मग कधी आत आले कळलं नाही. फरशीवर सरळ आडवेच झाले, स्कूटरच्या पोटाखाली डोकं. उठून एकच विचारलं, "ब्रेक दोनी चाकाला हायेत का?"

"आहेत ना काका."

"हँडलाचं लॉक चालताना निसटलं तर?"

"नाही निसटत काका. इंपोर्टेड आहे."

"बाहेरच्या देशात माणसं पडत न्हाईत व्हय?" म्हणाले, आणि स्वतः लॉक वीस-पंचवीस वेळा उघडून-लावून बघितलं. धंद्याची सवय, दुसरं काय. मुलगी, तिची नोकरी, त्याबद्दल अवाक्षर नाही. ब्रेक!

लाल घेतली. बिस्मिल्लाह.

रविवार, २७ जानेवारी

चंद्राबाई सकाळी दूध घालायला आली आणि स्कूटरभोवती तीन फेऱ्या मारून म्हणाली, "भाभी, ह्ये गाडीचं पिल्लू हाय, का हीच गाडी?"

मला दुकानातल्या मानेच्या शिरेची शंका होतीच. रोज दळणाचा डबा उचलणाऱ्या बाईला बावीस किलो कळतात. चंद्राबाईच्या मदतीनं स्कूटर भाताच्या गिरणीवर नेली आणि पोत्यांच्या काट्यावर ठेवली. एकतीस. गिरणीवाला म्हणाला, "साळ भरलीया का हिच्यात?" घरी येऊन कागद वाचला. खाली मुंगीएवढ्या अक्षरात: वजन बॅटरीशिवाय. बॅटरीची स्कूटर बॅटरीशिवाय विकण्याची बुद्धी ज्याला सुचली, तो आज बंगल्यात असेल.

दुपारभर पडवीत सराव. नुजहत घडी घालायची, मी घड्याळ धरायचं. पन्नास सेकंदांवरून अठरावर आली. मिस्त्री गॅरेजच्या दारातून बघत होते. म्हणाले, "फौजेत भरती हाय का?"

सोमवार, २८ जानेवारी

अल्हम्दुलिल्लाह!

नुजहतनं उंबऱ्याच्या आत पाय टाकला, चप्पल काढली, आणि भोंग्यातून मिस्त्रींचा आवाज आला. अगदी तेवढ्यात!

पण साडेसातला यायची ती इतक्या काठावर का? तर पहिल्याच दिवशी कंडक्टरनं वाद घातला. "हे काय हाय?"

नुजहत म्हणाली, "बॅग."

"बॅगंला आरसा?"

"घडी घातलीय. सामानाचं तिकीट द्या."

"बाई, उद्या कुणी माणसाची घडी घालून आणंल. मी काय फाडू?" शेवटी सामानाचं फाडलं, पण तोवर गाडी वीस मिनिटं उशिरा सुटली. सगळे प्रवासी तिच्याकडे बघत होते म्हणे.

तरीही अजानीच्या आत! मिस्त्री नमाजहून आले तेव्हा मी मुद्दाम दारात उभी होते. म्हटलं, "पोचली बरं का तुमच्या अजानीच्या आत. खेळण्यावरून."

"आसं व्हय," म्हणाले आणि हात धुवायला गेले. हरल्याचं कबूल करायला माणसाला जीभ जड होते.

गुरुवार, ३१ जानेवारी

नवी वस्तू आहे, ब्रेक तपासून बघायला हवेत. नुजहतला आज बदली सुट्टी होती. दुपारी ती झोपली असताना मी स्कूटर नदीकडच्या मोकळ्या जागेत नेली. फक्त ब्रेक तपासायला. एक फेरी मारली. मग डावा ब्रेक नीट कळला नाही म्हणून दुसरी. तिसरीला बुरख्याचा घेर सीटखाली खोचला, कारण चाकात अडकून वस्तूचं नुकसान व्हायचं. ब्रेक चांगले आहेत. पाचव्या फेरीला तर फारच चांगले होते.

शुक्रवार, ८ फेब्रुवारी

दोन आठवडे होत आले. एकदाही चुकली नाही. एसटी कधी नसरापूर फाट्याला अडकते, कधी हायवेच्या कामात, कधी स्कूटरच चढाला दम खाते. नुजहत पावणेआठला येते, कधी सात पन्नासला, परवा तर सात चौपन्नला. आणि चप्पल काढली की अजान. रोज! मी रोज आभाराची, शुक्राण्याची नमाज पढते. अल्लाह माझी निवड सांभाळून घेतोय.

पण एक गोष्ट खटकते. परवा सात चौपन्नला आली, तर अजान सात सत्तावन्नला झाली. आमच्या घरचं घड्याळ रेडिओवर लावलेलं आहे, ते चुकत नाही. म्हणजे मशिदीतलं घड्याळ मागे पडतंय. त्याचा सेल उतरला असणार. मिस्त्रींना बोलून उपयोग नाही, ते स्वतःच्या चष्म्याची काडीसुद्धा दोन वर्षं दोऱ्यानं बांधून वापरतात. मी नवा सेल आणला आणि इमामसाहेबांच्या बायकोच्या हाती पाठवला. मशिदीची खिदमत होईल, सवाब म्हणजे पुण्य पदरात पडेल.

शनिवार, ९ फेब्रुवारी

माणसाच्या स्वभावाला औषध नाही. मशिदीतलं घड्याळ ठीक झाल्याचं कळल्यावर मिस्त्री घरी येऊन माझ्यावरच ओरडले.

"तुला कुनी सांगितला सेल बदलाया?"

"अहो, घड्याळ मागं पडत होतं."

"पडू द्यायचं!"

"अजानीची वेळ चुकते. तुमचंच नाव खराब होतं."

"माझं नाव मी बघून घेईन. ईशाची येळ लई मोठी आसती, दोन मिंटांनी काय बुडत न्हाई. इमामसायबांना इचार."

एकोणीस वर्षं ज्यांनी मला पावणेआठ म्हणजे पावणेआठ शिकवलं ते हे. नुजहत पाणी आणायच्या निमित्तानं आत निघून गेली.

तिनं मला नंतर सांगितलं, "अम्मी, अब्बा रोज स्टँडवर असतात. उसाच्या गुऱ्हाळामागं. मी उतरले की वळतात आणि मशिदीकडं जातात. मला बघितलंच नाही असं दाखवतात."

मला त्याच क्षणी सगळं समजलं. डॉक्टरनं साखर बंद केली, मी घरात गुळाचा खडासुद्धा कुलपात ठेवते, म्हणून हे रोज सातला स्टँडवर जाऊन रस पितात! मुलीनं बघू नये म्हणून तोंड फिरवतात. म्हणूनच अजानीला उशीर. मी नुजहतला म्हटलं, "उद्यापासून लक्ष ठेव, ग्लास हातात असतो का?"

ती माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, "नसतो अम्मी."

"लगेच ठेवून देत असतील."

बुधवार, १३ फेब्रुवारी

चंद्राबाई तक्रार घेऊन आली. "भाभी, तुमच्यातली बांग उशिरा व्हाय लागली व्हय? माझं संध्याकाळचं दूध बांगंवर हाय. बांग ऐकली की चुलीवरनं उतरायचं. दोनदा उतू गेलं."

"घड्याळ घे की बाई."

"घड्याळाला काय करायचं, मिस्त्री हायेत ना! का आता न्हाईत?"

तिला काय सांगणार, मिस्त्री रस पितात म्हणून तुझं दूध उतू जातं?

शुक्रवार, १५ फेब्रुवारी

नव्या स्कूटरला भोकं पाडली! आज नुजहतला बदली सुट्टी म्हणून स्कूटर घरात, तर मला न विचारता. मी जुम्याच्या नमाजची तयारी करून बाहेर येते तर मिस्त्री वेल्डिंगचा चष्मा लावून बसलेले. मानेला एक दांडी जोडली, खाली कुठल्याशा ट्रॉलीची दोन छोटी चाकं. घडी घातली की दांडीला धरून बॅगेसारखी ओढायची, उचलायची गरज नाही.

मी म्हटलं, "अहो, कंपनीची वस्तू आहे. वॉरंटी गेली."

"कंपनी येती का उचलाया? पोरीची पाठ मोडंल."

पाठीची काळजी होती तर महिनाभर काय केलं? तसा माणूस हुशार आहे, पण वेल्डिंगचा डाग लाल रंगावर फार वाईट दिसतो. लाल रंग लावून द्या म्हटलं तर निळा लावला. निळा शिल्लक होता म्हणे. घरातलं काही वाया न घालवण्याच्या बाबतीत मात्र आमचं जमतं.

बुधवार, २० फेब्रुवारी

आज जे व्हायला नको ते झालं. काल रात्रभर वीज नव्हती आणि आज लॅबमध्येही चार तास गेली, त्यामुळे चार्जिंग अर्धंच. म्हात्रे पुलावर स्कूटर बंद पडली. नुजहतनं ती ढकलत स्वारगेट गाठलं. साडेपाचची गेली, सव्वासहाची मिळाली. ती नसरापूरजवळ टायर बदलायला थांबली.

पावणेआठ झाले. मी दारात. आठ झाले. अजान नाही! मी म्हटलं, या अल्लाह, यांना काही झालं का? साखर चढली का? समोरच्या घरातली माणसं मशिदीकडे निघाली, परत दारात येऊन उभी राहिली. चंद्राबाईनं चुलीवरचं पातेलं हातात धरून विचारलं, "आज न्हाईच का?"

आठ वाजून एकवीस मिनिटांनी नुजहत गल्लीच्या तोंडाशी दिसली. घामानं ओली, एका हातानं दांडी ओढतेय, छोटी चाकं दगडांवर खडखडतायत. तिनं उंबरा ओलांडला. मी तिचं तोंड पुसतेय तोवर भोंगा कडाडला. अल्लाहु अकबर.

आठ बावीस. मी ऐकता ऐकता रडले. अशा दिवशीसुद्धा अजानीच्या आत! माझ्या निवडीवर आजवर ज्यांनी ज्यांनी नाक मुरडलं त्यांना दाखवून द्यायला हवं.

मिस्त्रींचा आवाज मात्र बरा नव्हता. धापा टाकत होते.

गुरुवार, २१ फेब्रुवारी

दुपारी फैजानसाहेब आले. लाकडाच्या वखारीचे मालक आणि मशिदीच्या कमिटीचे अध्यक्ष. मी पडद्याआड चहा करत होते, बिनसाखरेचा.

"मिस्त्री, काल आठ बावीस झाले."

"व्हय."

"लोक बोलायला लागलेत. रोजच उशीर होतोय. घड्याळ म्हणावं तर भाभींनी सेलही बदलून दिला."

"व्हय."

"इमामसाहेबांनी काल अजान द्यायला माईकची चावी मागितली, तर तुम्ही 'थांबा' म्हणून चावीसकट बाहेर निघून गेलात. कशासाठी थांबायचं? चाळीस माणसं सफ लावून, रांगेत उभी होती."

मिस्त्री बनियनचा खिसा चाचपत होते.

"हे बघा, आम्हाला तुम्हीच पाहिजे. असा आवाज तालुक्यात नाही. एवढं एकच कबूल करा. उद्यापासून पावणेआठ म्हणजे पावणेआठ, कुणी येवो, न येवो."

मला वाटलं, आता 'हो' म्हणतील. एका शब्दाचं काम होतं. मी पडद्याआडून बांगडी वाजवली, खाकरले, शेवटी कप आपटला.

मिस्त्रींनी बनियनच्या खिशातून चावी काढली. माईकच्या कपाटाची. एकोणीस वर्षांत ती घासून पातळ झालीय. फैजानसाहेबांच्या पुढ्यात ठेवली.

"मिस्त्री, अहो मी काय मागतोय—"

"कबूल करून मोडायचं त्यापरीस हे बरं. इमामसायबांचा पुतण्या चांगला म्हनतो. त्याला द्या."

फैजानसाहेब चहा न पिता उठले. मी बाहेर येऊन जे बोलायचं ते सगळं बोलले. म्हटलं, घड्याळ बघता येत नाही? रसाचा एक ग्लास सोडवत नाही? एकोणीस वर्षांची खिदमत, लोक नाव काढत होते, माझ्या माहेरीसुद्धा बांगीसाहेब म्हणून मान होता, तो गेला कशापायी?

मिस्त्री म्हणाले, "तो चहा दे हिकडं, गार व्हतोय."

सोमवार, २५ फेब्रुवारी

शुक्रवारी जुम्यानंतर जाहीर झालं, ईशाची अजान आता इमामसाहेबांचा पुतण्या देणार. शुक्रवार-शनिवार नुजहतनं रजा घेतली, बाप घरात असा बसलेला बघून तिचा पाय निघेना. आज गेली.

बस पुन्हा उशिरा. बरोबर पावणेआठला अजान झाली. पोरगेल्या आवाजात, बारीक, शेवटचा शब्द ओढायला दम पुरत नाही. नुजहत घरात नव्हती. गेला महिनाभर ज्याला भीत होते ते झालं. मी जानमाज अंथरून बसले, पण नमाजची नियत बांधता येईना. राजीनामा कसा लिहितात तेच डोक्यात. मला अर्जाचे सगळे नमुने पाठ आहेत, मॅट्रिकला होते.

आठला दोघं आली. एकत्र! नुजहत पुढे, पर्स हलवत. मागे मिस्त्री, दांडी ओढत, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात स्कूटरला शिव्या देत. गुऱ्हाळामागं नव्हते म्हणे आज. थेट बसच्या दारात उभे होते. कंडक्टरला म्हणाले, "आन हिकडं, माझ्या पोरीची बॅग हाय."

नुजहतनं उंबऱ्याबाहेर थांबून विचारलं, "अब्बा, अजान होऊन गेली. आता?"

"मंग?"

"तुम्ही म्हणाला होता ना..."

"त्ये बांग देणाऱ्याच्या घरचं व्हतं. मी काय आता बांगी हाय? ये आत. उशीर व्हणार आसला तर स्टँडवरच्या हाटेलात फोन कर, मी तितंच आसतो." मग माझ्याकडे वळून, "ह्या बॅटऱ्या बदलाया पायजेत. मी मोठ्या बसवतो. कंपनीला काय कळतंय."

जीव भांड्यात पडला. पण एकोणीस वर्षांचा मान गेल्यावर नियम सुटतो, तर तो आधीच सोडायचा होता. मान राहिला असता आणि नोकरीही. हा हिशेब मॅट्रिक नापास मुलालाही कळेल. पण पुरुषांना वेळेवर सुचत नाही.

जेवल्यावर ते सगळ्यांबरोबर जमातीत चुकलेली नमाज पढायला एकटेच मशिदीत गेले. तासाभरानं आले. चेहऱ्यावर काही नाही. इतकी वर्षं माईकसमोर उभा राहिलेला माणूस, आज मागच्या दारानं जाऊन आला. मला राहवलं नाही. विचारलं, "ऐकली का त्या पोराची अजान? कशी देतो?"

मिस्त्री खिडकीशी स्कूटरची बॅटरी उघडून बसले होते. मान वर न करता म्हणाले, "येळंवर देतो."

यांना महिनाभर जे एक जमलं नाही, ते दुसऱ्याला जमतं हे मोकळेपणानं कबूल करायलाही मोठं मन लागतं. एवढं श्रेय मी त्यांना देते.